गाडीचे घोडे आणि गाडीची गोडी

गेल्या संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी माझी थोरली बहीण आणि भाचा मोहोळकडच्या आपल्या गावाहून सोलापूरला आले होते. सकाळी आम्ही तिघे जनावरांच्या बाजारात गेलो. बैल घ्यायचा नव्हता. पण शेतकऱ्याच्या घरातले माणूस जत्रेला आले आणि खिल्लार न पाहता परत गेले, असे व्हायचे नाही. तिथे भाच्याने मला एक खोंड दाखवला. दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि मालकाला म्हणाला, "दात बरोबर हायत. पण जुंपून दाखवा. चालल्याशिवाय काय कळणार ओ?" मला मोठे कौतुक वाटले. पोरगा शिकला, पण हातातली विद्या विसरला नाही.

दुपारी जेवणे झाल्यावर त्याच पोराने खिशातून चार घड्यांचा एक कागद काढून माझ्यापुढे पसरला. रस्ता रुंद करताना त्यांची दीड एकर बागायत गेली होती आणि तिचा मावेजा जमा झाला होता. विहीर, ठिबक, बहिणीचे लग्न असे सगळे बाजूला काढून जे उरले, त्यातून त्याला एक वेगवान, शर्यतीच्या थाटाची मोटार घ्यायची होती. शहरी लोक तिला स्पोर्ट्स कार म्हणतात. कागदावर पाच गाड्यांची नावे आणि प्रत्येकीपुढे चार रकाने होते: घोडे किती, टॉर्क किती, शून्यावरून ताशी १०० किलोमीटरवर जायला सेकंद किती आणि कमाल वेग किती.

"मामा, तुम्ही एवढी वर्षं आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवलंत. ह्यातली कुठली घेऊ सांगा. मी तर म्हणतो, जिचा आकडा मोठा ती."

"ह्यातली चालवून बघितलीस कुठली?"

"एक पण नाही. पण आकडे सगळे बघितलेत की."

सकाळी खोंड जुंपून दाखवा म्हणणारा हाच तो!

आपण म्हणाल, असल्या गाडीशी आमचा काय संबंध? गुरुजींच्या पगारात ती येत नाही आणि शेतावरच्या वाटेवर ती चालत नाही. खरे आहे. पण फटफटी घेताना, ट्रॅक्टर घेताना, अगदी विहिरीवरची मोटर घेतानासुद्धा आपण हाच कागद पसरून बसतो. शिवाय नववीच्या वर्गाला गतीचे नियम शिकवणाऱ्या गुरुजींना ह्यात फळ्यावर मांडण्यासारखे पुष्कळ सापडेल. तेव्हा भाच्याला जे सांगितले, तेच आपल्यापुढे मांडतो.

पहिला रकाना घोड्यांचा. जेम्स वॅटने आपले वाफेचे यंत्र विकताना ते किती घोड्यांचे काम करते हे सांगायची रीत पाडली आणि ती अजून चालू आहे. ७५ किलो वजन एका सेकंदात १ मीटर उंच उचलायचे, एवढ्या सामर्थ्याला एक अश्वशक्ती म्हणतात. विहिरीवर पाच घोड्यांची मोटर असली तर हिशेबाने ती सेकंदाला ३७५ किलो वजन एक मीटर उचलील. विहीर २५ मीटर खोल असेल, तर सेकंदाला १५ लिटर पाणी वर यायला हवे. प्रत्यक्षात तेवढे येत नाही, कारण पंप, पाइप आणि वळणे आपापला वाटा खातात. कागदावरचे घोडे आणि पाटातले पाणी ह्यांत फरक असतो, हे शेतकऱ्याला निराळे सांगायला नको.

मोटारीचेही असेच. अमेरिकेत १९७०च्या सुमारापर्यंत इंजिनाची ताकद मोजताना त्याच्यावरचा बराचसा बोजा उतरवून मोजत. धुराड्याची नळीसुद्धा गाडीतली नसे. पुढे गाडीत बसवतात तशा स्थितीत मोजायचा दंडक आला आणि १९७२ साली सगळ्या कंपन्यांचे आकडे एकदम खाली आले. काही इंजिने होती तशीच होती. एका रात्रीत घोडे मात्र पळून गेले! जपानात ह्याच्या उलट झाले. तिथल्या कंपन्यांनी २८० घोड्यांच्या वर आकडा सांगायचा नाही असे आपसांत ठरवले होते. २००४ पर्यंत तो करार टिकला. काही गाड्यांत घोडे जास्त असत, पण कागदावर २८० च लिहीत.

दुसरा रकाना टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा. घट्ट बसलेला नट आखूड पान्याने हलत नाही. पान्याला पाइप लावून तो लांब केला की तोच हात, तोच जोर, पण नट सुटतो. हा टॉर्क. तो किती वेगाने फिरतो हे त्यात धरले, की त्याचे घोडे होतात. ट्रॅक्टरचे इंजिन सावकाश फिरते पण जोर भरपूर लावते; शर्यतीच्या गाडीचे इंजिन जोर बेताचा लावते पण गरगर फिरते. घोडे दोघांचे सारखे असू शकतात आणि काम अगदी निराळे.

इथे एक गोष्ट सांगतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची एक दोन आसनी, वरून उघडी गाडी आपल्या शेजारी गोव्यात बांधली जाऊ लागली. अंग फायबरचे, इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचे, १२०० सी.सी.च्या आतले, घोडे ६० च्या आसपास. आज आपल्या गावात ५० घोड्यांचे ट्रॅक्टर कितीतरी आहेत. म्हणजे ट्रॅक्टरपेक्षा दहाच घोडे जास्त! पण ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या घरात, तर ह्या गाडीचे पाऊण टनाच्या आतबाहेर. ट्रॅक्टरच्या एका घोड्याने ४० किलो ओढायचे, हिच्या एका घोड्याने १२.

त्यानंतर २०१२ साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात डी.सी. अवंती ही गाडी आली. दिलीप छाब्रिया यांनी आखलेली, पुण्याच्या परिसरात बांधलेली. इंजिन बैठकीच्या मागे, घोडे २५०. वर्तमानपत्रांत ह्या २५० चा फार गवगवा झाला. आता तिच्याशेजारी इंग्लंडमधली १९९६ ची लोटस एलिस उभी करा. घोडे फक्त ११८, म्हणजे निम्म्याहूनही कमी. पण वजन सव्वासातशे किलोच्या आसपास, आणि अवंतीचे दीड टनाहून जास्त. भागाकार करून पाहा: दोन्हींकडे एका घोड्याच्या वाट्याला सहा किलोच्या आसपासच वजन येते. हे गणित भाच्याच्या कागदावर नव्हतेच, कारण वजनाचा रकानाच त्याने केला नव्हता. शर्यतीच्या छकड्याला कोणी शेणखताची गाडी जोडत नाही, हे त्याला ठाऊक होते. मोटारीच्या बाबतीत सुचले नाही इतकेच.

वजन नुसते किती आहे हेच नव्हे, कुठे आहे हेही पाहावे लागते. बैलगाडीत ओझे पुढे जास्त झाले तर जू बैलांच्या मानेवर बसते. मागे जास्त झाले तर गाडी उलाळते आणि बैलांचे पाय उचलायला लागतात. मोटारीचेही तंतोतंत तसेच. नाकाला जड असलेली गाडी वळणावर सरळ जाऊ पाहते, आणि शेपटीला जड असलेली शेपूट फिरवते. चांगला आखणारा इंजिन थोडे मागे सरकवतो, बॅटरी मागे टाकतो, आणि चारी चाकांवर ओझे समजुतीने वाटतो. ह्याचा आकडा जाहिरातीत क्वचितच असतो.

तिसरा रकाना सगळ्यात लाडका: शून्य ते शंभर. भाचा म्हणाला, "मामा, ही ५.९ मध्ये जाते आणि ही ६.८ मध्ये. जवळजवळ एक सेकंद!" एक शिंक आली तर तेवढा वेळ जातो. आणि हे सेकंद मोजतात कसे? सपाट कोरडा रस्ता, गाडीत एकटा कसलेला चालक, हवा अनुकूल. अमेरिकेतली कित्येक मासिके तर गाडी पहिला एक फूट पुढे सरकल्यावर घड्याळ सुरू करतात. आपल्या शर्यतीत कोणी असे केले तर पंचांना मैदानातून जाऊ देतील का?

बरे, हा आकडा फार लवकर शिळा होतो. १९६४ साली जर्मनीची पोर्श ९११ बाजारात आली. १३० घोडे, आणि ताशी १०० वर जायला ९ सेकंदांहून थोडे अधिक. त्या काळी हे मोठे होते. आता २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये महिंद्र कंपनीने चाकणच्या कारखान्यातून बी.ई. ६ ही विजेची गाडी आणली. पाच माणसे बसवून घरगुती कामाला वापरायची गाडी. पण तिचा मोठ्या बॅटरीचा नमुना ६.७ सेकंदांत शंभरावर जातो असे कंपनी सांगते. म्हणजे आपल्या चाकणच्या गाडीने त्या पोर्शला अडीच सेकंदांनी मागे टाकले. तरीही ती साठ वर्षांची पोर्श विकायला निघाली तर जगभरचे हौशी लोक धावतात आणि नव्या गाडीला मिळणार नाही एवढा पैसा मोजतात. आकड्यासाठी मोजतात म्हणावे तर आकडा तर केव्हाच हरला. मग कशासाठी?

इथे मला माझ्या वडिलांची आठवण होते. ते गाडी हाकताना कासरा कधी ताणून धरत नसत, कधी सोडूनही देत नसत. अंधाऱ्या रात्री डोळे मिटल्यासारखे बसलेले असायचे, आणि मधेच म्हणायचे, "डावा दमलाय." त्यांना कसे कळायचे? कासऱ्यातून कळायचे. बैलाच्या मानेतले, पायातले, वाटेवरच्या खडीतले सगळे त्या दोरीतून त्यांच्या बोटांपर्यंत यायचे. मोटारीचे स्टिअरिंग चाक म्हणजे हा कासरा आहे. चांगल्या गाडीत पुढची चाके रस्त्याला धरून आहेत की सुटू पाहताहेत, हे तळहाताला आधी कळते आणि डोळ्यांना मागाहून. वळणावर जोर वाढला की चाक हातात जड होते. पकड सुटायला आली की हलके पडते. ब्रेकचे पाऊल दाबाल तेवढीच गाडी थांबते, एकदम नाक घासत नाही. गिअरचा दांडा घरात बसल्यासारखा बसतो. ही गाडीची गोडी. ती ताशी ५० वरही लागते. आणि अडीचशेच्या गाडीत ती नसली तर अडीचशेवरही लागायची नाही.

जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली एक लहान दोन आसनी गाडी काढली, एम.एक्स.-५ किंवा मियाटा म्हणतात तिला. पहिल्या गाडीत १६०० सी.सी.चे साधे इंजिन, घोडे ११५ च्या आसपास, वजन एका टनाच्या आत. त्या काळातसुद्धा हे आकडे पाहून कोणाचे डोळे दिपले नसते. पण ती आखणाऱ्यांनी एक जुनी जपानी कल्पना समोर ठेवली होती: घोडा आणि स्वार एकजीव. आपण गाडीवान आणि बैल म्हणू. ती गाडी जगात सगळ्यात जास्त खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार ठरली आणि २०१६ साली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली.

राहिला चौथा रकाना, कमाल वेगाचा. डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल आपल्या सचिन तेंडुलकरला २००२ साली फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, हे आपणा सर्वांना आठवत असेल. त्या गाडीच्या कमाल वेगाचा आकडा ताशी २९५ च्या आसपास. मुंबईत हा आकडा वापरायचा कुठे? २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका गृहस्थाकडे गेली. सुरतेतही तो रस्ता सापडला असेल असे मला वाटत नाही. केंद्र सरकारने २०१८ साली ठरवलेली मोटारींची वरची मर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि द्रुतगती मार्गावर १२०; राज्याने तीही कमी ठेवली तर कमी. त्याच्या पुढचा प्रत्येक किलोमीटर तुम्ही पैसे देऊन विकत घेता आणि घरी ठेवता.

आता गुरुजींसाठी फळ्यावरचे गणित. ताशी १०० म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. समोर काही दिसले आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर २८ मीटर तिथेच गेले. त्यानंतर चांगली गाडी कोरड्या डांबरावर ४० मीटरच्या आसपास थांबते. एकूण ६८. आता वेग १४० करा. विचार करण्यात ३९ मीटर जातात; आणि थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ४० चे ७८ होतात. एकूण ११७. वेग दीडपटीहून कमी वाढला, अंतर मात्र जवळजवळ पावणेदोनपट झाले.

हे गणित मी वर्गात तीस वर्षे शिकवले. माझा एक विद्यार्थी त्यात पहिला आला होता. पुढे धंद्यात चार पैसे मिळाले, त्याने फार घोड्यांची गाडी घेतली. साखर कारखान्यांचा हंगाम चालू होता. आपल्या जिल्ह्यात त्या दिवसांत रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या किती असतात आणि त्यांच्या मागे दिवा किती जणांच्या असतो, हे सांगायला नको. रात्री एक ट्रॉली पंक्चर होऊन कडेला, म्हणजे अर्धी रस्त्यावर, उभी होती. तो वाचला. डावा हात मात्र खांद्याच्या वर जात नाही. दवाखान्यात मी भेटायला गेलो तर म्हणाला, "सर, ती किती सेकंदांत शंभरावर जाते हे मला पाठ होतं. शंभरावरनं किती मीटरात थांबते, हे एकदासुद्धा बघितलं नव्हतं." मी काय बोलणार? पाच मिनिटे तिथे नुसता बसून राहिलो.

ही हकीगत भाच्याला सांगितली तेव्हा तो गप्प झाला, पण कागद काही खिशात गेला नाही. पंचविशीतले पोर, गणिताने थोडेच ऐकणार! म्हणून मी त्याला म्हटले, "चल, जुंपून बघू."

पुढच्या आठवड्यात आम्ही पुण्याला जाऊन त्याच्या यादीतली पहिल्या नंबरची गाडी चालवून पाहिली. २८० घोडे. विक्रेत्याने मोकळ्या रस्त्यावर एकदा जोरात सोडायला सांगितले. पाठ बैठकीला चिकटली, भाच्याचा चेहरा फुलला. चार सेकंद, पाच सेकंद; आणि समोर सिग्नल. मग पुढची वीस मिनिटे आम्ही टेम्पोमागे, रिक्षामागे आणि पुन्हा टेम्पोमागे. वळणावर स्टिअरिंग लोण्यासारखे मऊ, हाताला काही सांगत नव्हते. बाहेर रस्ता आहे की गादी, कळेना. परतताना एका गतिरोधकावर पोट घासले. रस्तेशास्त्राच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३ मीटर ७० सेंटिमीटर रुंद असावा, गाडी २५ च्या वेगाने सुखरूप जावी. आपल्याकडचे गतिरोधक कोणत्या शास्त्राचे असतात ते बांधणाऱ्यालाच माहीत. तेव्हा गाडीचे पोट जमिनीपासून किती वर आहे, हा पाचवा रकाना कागदावर हवाच. माझ्या मते पहिला हवा.

सोलापुरात माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे पंधरा वर्षांची एक लहान दोन आसनी गाडी आहे, गिअर हाताने बदलायची. घोडे पहिलीच्या निम्मे. वय झाले म्हणून ते ती विकणार होते. एका रविवारी पहाटे त्यांनी आम्हाला चावी दिली. आम्ही तुळजापूरच्या रस्त्याला लागलो. तामलवाडीपर्यंत भाचा काही ना काही बोलत होता: हिचा आवाज जुना आहे, हिला स्क्रीन नाही, ही ९ सेकंद घेते. घाट लागला आणि तो बोलायचा थांबला. ताशी ४५, कधी ५०. वळण आले की गिअर एक खाली, ब्रेक हळूच, चाक फिरवले की नाक तिथेच वळते; बाहेर पडताना पाय दाबला की मागून हलका धक्का. तिसऱ्या वळणावर त्याने स्टिअरिंगवरची मूठ सैल केली. मी त्याच्या हातांकडे बघत होतो. माझ्या वडिलांनी कासरा धरावा तशी बोटे त्याने धरली होती, आणि त्याला ते ठाऊकही नव्हते.

वर पोचल्यावर त्याने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, खाली जाऊन परत एकदा येऊ?"

आम्ही दोनदा आलो. देवीचे दर्शन घ्यायचे राहून गेले, ते अक्काला अजून सांगितलेले नाही.

घरी आल्यावर अक्काने गाडीला प्रदक्षिणा घातली, दार उघडून आत डोकावली, मागे हात घालून चाचपले आणि विचारले, "दोनच माणसं बसत्यात व्हय हिच्यात? मग मी कुठं बसू?"

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी डॉक्टरांची चावी परत द्यायला निघालो.